पाच नंबरचा बाप

माझा मुलगा फुटबॉल खेळतो. हौस म्हणून नाही, पोटासाठी खेळतो. आणि मला त्याची लाज वाटते. चारचौघांत हे बोलायची सोय नसते, म्हणून आधीच बोलून मोकळा होतो.

तुम्ही म्हणाल, काय हा बाप. म्हणा बापडे. पण वर्षानुवर्षं दर शनिवारी गोलमागच्या पायऱ्यांवर उभं राहायचं आणि आपल्या पोराला लोक गाढव, म्हैस, लाकडाचा ओंडका म्हणताना ऐकायचं, हे एक हिवाळाभर करून बघा, मग माझ्याशी बोला. "ऑग्डन, अरे वळ की, का आमंत्रण पाठवू वळायला?" असं शेजारचा ओरडतो आणि वर माझ्याकडे बघून म्हणतो, "खरं की नाही काका?" मी काय डोंबल सांगणार? मी म्हणतो, "आज गारठा जरा जास्तच आहे." आपलेच दात, आपलेच ओठ.

आमचा रसेल सेंटर-हाफ आहे, पाठीवर पाच नंबर. म्हणजे गोलच्या पुढ्यात उभं राहायचं आणि बॉल आला की डोक्याने नाहीतर पायाने जमेल तितका लांब भिरकावून द्यायचा. यात कलाकुसर काही नाही. सोळाव्या वर्षी डोंगरापलीकडच्या मोठ्या क्लबने त्याला उचलला तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीची मान ताठ झाली होती. माझी बायको, एडना, तेव्हा होती. तिने शेजारीपाजारी केक वाटला. तिथे त्याने मोठ्या खेळाडूंचे बूट पुसले, स्नानगृहं घासली, आणि एकोणिसावं लागताच मॅनेजरने खोलीत बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. झालं. तेव्हापासून तो चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या डिव्हिजनच्या वर कधी गेला नाही. आधी समुद्राकाठचं एक गाव, मग खाणीचं एक गाव, मग एक गाव जिथे मैदानालाच उतार होता, आणि शेवटी परत आपलं क्रॉसडेल. उन्हाळ्यात लीग बंद असते तेव्हा मेहुण्याबरोबर लोकांच्या अंगणात फरशा बसवतो. माझ्याकडे आला की जिना चढताना त्याचे गुडघे वाजतात ते मला खालच्या खोलीत ऐकू येतं.

रविवारी तो बायकोला, पॉलिनला, आणि मुलींना घेऊन माझ्याकडे जेवायला येतो. बटाटे वाढून घेता घेता विचारतो, "काल कसा होतो, बाबा?" आमच्या भागात कौतुक करायची रीत नाही. माझा बाप मला कधी चांगलं म्हणाला नाही, त्याचा बाप त्याला म्हणाला नाही. त्यातून रसेल खरोखरच चांगला खेळला असेल असे शनिवार मोजकेच. मी म्हणतो, "त्या दुसऱ्या गोलला झोपला होतास." तो हसतो, म्हणतो, "तुला सगळं दिसतं," आणि आणखी ग्रेव्ही मागतो. मला वाटायचं, आमचं हे असंच बरं चाललंय.

तर ही परवाच्या शनिवारची गोष्ट. हंगामाचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, मेल्थॉर्पशी. हरलो तर क्रॉसडेल लीगमधून बाहेर, आणि या लीगमध्ये आम्ही माझ्या आजोबांच्या काळापासून आहोत. बरोबरी झाली तरी वाचणार होतो. रसेलला मॅनेजरने मार्चमध्येच सांगून टाकलं होतं की उन्हाळ्यानंतर तुझं काम नाही. नाताळापासून तो बाकावरच बसून होता. पण गुरुवारी सरावात त्याच्या जागी खेळणाऱ्या त्या तरण्या प्रॅटचा घोटा मुरगळला आणि मॅनेजरचा नाइलाज झाला. म्हणजे पोराच्या आयुष्यातली शेवटची मॅच, आणि तीही असली.

मला फार नको होतं. बरोबरी व्हावी आणि माझ्या पोराने मान वर करून मैदानाबाहेर यावं. टाळ्या नाही वाजवल्या तरी चालेल, पण शिव्या नकोत. एक दिवस नकोत.

आता आमच्या बोलिंग क्लबबद्दल सांगायला हवं. आम्ही सपातांच्या कारखान्यातले रिटायर झालेले म्हातारे. कारखाना बंद पडला, पण त्याच्या मागची हिरवळ राहिली. तिथे दुपारी लाकडी गोळे घरंगळवतो आणि एकमेकांची उणीदुणी काढतो. सिरिल आमचा अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, पण अक्कल गहाण. हॉरेस कानाने ठार बहिरा. या दोघांनी बाकीच्यांना फितवून माझ्या नकळत तो सामना प्रायोजित केला आणि मला मुख्य पाहुणा केलं. लहान गावांत हे चालतं. कुणी खाटीक, कुणी नळवाला एका सामन्याचा प्रायोजक होतो. मग त्याला आणि त्याच्या पाहुण्यांना वर काचेच्या खोलीत जेवण मिळतं, फोटो मिळतो, आणि एक मान मिळतो. सामन्याचा मानकरी कोण, हे त्या टेबलाने ठरवायचं. मानकऱ्याला शॅम्पेनची बाटली. सामना संपला की त्याने अंघोळ करून, कोट-टाय घालून वर यायचं, बाटली घ्यायची, फोटो काढायचा.

आणि हे ठरवायचं कधी, तर सामना संपायच्या आधी. कारण लोक घरी पळायच्या आत माइकवरून नाव सांगायचं असतं. ही पद्धत कोणत्या शहाण्याने पाडली देव जाणे. लग्नाच्या आधीच बारसं.

"विल्फ, टाय नीट कर," सिरिल म्हणाला. "आणि लग्नाला आल्यासारखा बस. मयताला आल्यासारखा नको."

"कोण मेलं?" हॉरेसने विचारलं.

"अजून कुणी नाही," मी म्हणालो. "सामना तर सुरू होऊ दे."

मी त्या खोलीत याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. खाली गालिचा, टेबलावर पांढरं कापड, आणि समोर एवढी मोठी काच. बसायला उबदार. पण काचेमुळे बाहेरचा आवाज आत येत नव्हता. पहिल्यांदाच मी पोराचा खेळ शिव्यांशिवाय पाहिला. आणि सांगतो, शिव्या नसल्या की खेळ जास्तच वाईट दिसतो. इतकी वर्षं माझं निम्मं लक्ष शिव्या देणाऱ्यांवर राग काढण्यात जायचं. इथे राग काढायला कुणी नव्हतं, फक्त रसेल होता.

मेल्थॉर्पचा नऊ नंबर काटकुळा आणि चपळ. तो रसेलच्या अंगावरून असा जायचा की रसेल वळेपर्यंत याचा शॉटही मारून व्हायचा. एकदा तर रसेलने मागे गोलकीपरला द्यायला म्हणून डोकं लावलं आणि बॉल आपल्याच गोलकडे निघाला. आमचा गोलकीपर ड्रिस्कॉल, आयरिश गडी, त्याने झेप घेऊन बोटाच्या टोकाने तो खांबावर ढकलला. त्या दिवशी ड्रिस्कॉलने काय काय अडवलं ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. तो नसता तर मध्यंतरालाच आमचा निकाल लागला असता.  सिरिल उगाच म्हणाला, "वारा उलटा आहे ना आज." मी म्हणालो, "वारा काय फक्त पाच नंबरलाच लागतोय?"

तरी शून्य-शून्यच चालू होतं. घड्याळ पुढे सरकत होतं. आणखी थोडा वेळ, मग संपलं. त्याच्या खेळाची सतरा वर्षं संपली.

तेवढ्यात क्लबच्या ऑफिसातल्या मिसेस हॅडफील्ड आल्या. "हं, मंडळी, मानकऱ्याचं नाव द्या. माइकवाला खोळंबलाय."

"ड्रिस्कॉल," मी म्हणालो. "त्यात विचारायचं काय?"

 सिरिलने घसा खाकरला. "आम्ही म्हणत होतो, रसेल."

"कोण रसेल?"

"तुझा रसेल. आणखी कोण?"

"सिरिल, डोळे तपासून घे. तो आज चालत्या बसमधून पडल्यासारखा खेळतोय."

"अरे, शेवटची मॅच आहे त्याची. बरोबरी तर होतेच आहे. पोराला एक बाटली मिळाली तर कुणाच्या बापाचं काय जातं?"

"त्याच्याच बापाचं जातं," मी म्हणालो. "भीक नको माझ्या पोराला. आयुष्यभर शिव्या खाल्ल्या, पण फुकटचं काही खाल्लं नाही त्याने."

"भीक कसली रे? कारखान्याच्या आवारात आमच्या डोळ्यांदेखत मोठा झाला तो. आमचाही आहे थोडासा."

"मग त्याची लाज राखा."

"कोण, रसेल ना?" हॉरेसने विचारलं आणि हात वर केला. "रसेलच." मग एकेक करून सगळ्यांचे हात वर. सिरिल मिसेस हॅडफील्डना म्हणाला, "लोकशाही आहे, बाई."

मी खुर्ची काचेकडे फिरवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो. माझे कान तापले होते. आणि खरं सांगायचं तर पोटात कुठेतरी क्षणभर बरंही वाटलं होतं, त्याची आणखीच लाज वाटली. त्या नादात मागे काय चाललंय ते मला कळलं नाही. पद्धत अशी की माइकवर मानकऱ्याच्या नावाबरोबर निवड कुणी केली तेही सांगतात. मिसेस हॅडफील्डनी विचारलं, कुणाचं नाव सांगू? सिरिलने माझ्या पाठीकडे बोट केलं. मुख्य पाहुणा मीच ना. त्याला वाटलं, माझा मान होतोय.

थोड्याच वेळात खोलीतला कर्णा खरखरला. "सपाता कारखाना बोलिंग क्लबतर्फे आजच्या सामन्याचा मानकरी. निवड केली आहे मिस्टर विल्फ ऑग्डन यांनी. मानकरी आहे, नंबर पाच, रसेल ऑग्डन."

आधी काहीच झालं नाही. लोकांच्या डोक्यात ऑग्डन आणि ऑग्डन जुळायला जरा वेळ लागला. मग हसू फुटलं. इतका वेळ मला त्या काचेतून काही ऐकू आलं नव्हतं, पण हे आलं. समोरचं स्टँड हसत होतं, गोलमागच्या पायऱ्या हसत होत्या, मेल्थॉर्पहून आलेले बसभर लोक तर पोट धरून हसत होते. मग गाणं सुरू झालं. आमच्याकडे गाणं सुचायला वेळ लागत नाही. "बापाने दिलं, बापाने दिलं, बाळाला बाटली बापाने दिलं." व्याकरण सोडा, चाल बरोबर होती. आपले आणि परके एका सुरात गात होते.

मी सिरिलकडे वळलो. तो पांढराफटक पडला होता. "विल्फ, मला वाटलं..." म्हणाला आणि थांबला.

खाली रसेल कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याने डोळ्यांवर हाताची सावली केली आणि वर काचेकडे बघितलं. शोधत होता मला. सापडलो असेन, कारण त्याने हात वर केला. फार नाही, खांद्यापर्यंत. सामना चालू असताना इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. आणि मी काय करावं? मी खुर्चीत खाली सरकलो. लोकांना दिसू नये म्हणून सरकलो.

मग त्याच्याकडे बॉल आला. मेल्थॉर्पवाल्यांनी असाच हवेत उंच मारलेला बॉल. रसेलने तो छातीवर घेतला. अवतीभवती कुणी नव्हतं. आता त्याने काय करायचं हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. स्टँडच्या छपरावर भिरकावून द्यायचा. बॉल परत यायला वेळ लागतो, तेवढं घड्याळ सरकतं. सतरा वर्षं त्याने तेच केलं होतं आणि त्यासाठीच त्याला पगार मिळत होता.

"मार लांब," मी काचेला म्हणालो. "मार, पोरा."

त्याने मारला नाही. बॉल खाली ठेवला, मान वर केली आणि घेऊन निघाला. एक जण अंगावर आला, त्याला चकवलं. कसं ते त्यालाही सांगता येणार नाही. मधली रेघ ओलांडली. गाणं थांबलं. लोक बसल्या जागी उठायला लागले. मीही उठलो. खोटं कशाला बोलू, तेवढ्या पळण्यात तो मला सोळा वर्षांचा दिसला. एडना असती तर तिने माझा हात धरला असता. आणखी एक जण आडवा आला, तोही मागे पडला, आणि माझ्या तोंडून "जा" असं निघून गेलं.

मग बॉल त्याच्या पायापासून हातभर जास्त पुढे गेला. गुडघ्याने साथ दिली नाही, दुसरं काय. मेल्थॉर्पच्या पोराने तो अलगद काढून घेतला आणि लांब पुढे दिला. पुढे काटकुळा नऊ नंबर होता आणि त्याच्यासमोर, जिथे पाच नंबरने असायला हवं, तिथे नुसतं गवत होतं. रसेल वळला आणि धावला. त्याचं ते मागे धावणं मला बघवेना. ड्रिस्कॉल पुढे आला, पण तो तरी किती अडवणार? एक-शून्य. त्यानंतर बॉल मध्यावर ठेवून एकदा लाथाडला न लाथाडला तोच शिट्टी झाली.

क्रॉसडेल लीगमधून बाहेर गेलं. माझ्या पोराने घालवलं.

शिव्या यायच्या त्या आल्या. पण निम्मे लोक मैदानाकडे बघतच नव्हते. ते वळून वर, आमच्या काचेकडे बोटं दाखवत होते. एका म्हाताऱ्याने, माझ्याच वयाचा असेल, वर बघून मला हात जोडून दाखवले. त्यापेक्षा दगड मारला असता तर बरं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

"मी काय करून बसलो रे," सिरिल म्हणाला. 

"आता गप्प बस. तुझा चांगुलपणा पुरे झाला आज."

मिसेस हॅडफील्ड बाटली घेऊन दारात आल्या, मग तिथेच घुटमळल्या. "तो काही येईलसं वाटत नाही. मी बाटली त्याच्या घरी पाठवते. तुम्ही निघालात तरी चालेल." सगळ्यांनी सुटल्यासारखं कोट शोधायला सुरुवात केली. सर्वांच्या आधी मी शोधला. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. बसमध्ये बसायचं, घरी जायचं, दार लावायचं. रविवारचं रविवारी बघू.

जिन्यात ते गुडघे वाजले.

रसेल वर येत होता. केस ओले, क्लबचा कोट, टाय. डोळे लाल, पण दाढी केलेली. असल्या दिवशी त्याने खाली बसून दाढी केली होती.

"कुठं निघालास?" त्याने विचारलं.

"बस चुकेल."

"चुकू दे. माझा फोटो आहे ना." त्याने माझा दंड धरला आणि मला परत आत घेऊन आला.

आत सगळे म्हातारे उभे राहिले. कुणी कुणाकडे बघेना. सिरिलने धीर केला. "रसेल, बाळा, एक सांगायचं होतं. ते नाव जे दिलं ना..."

"सिरिलकाका, एक मिनिट." रसेल माझ्याकडे वळला. हळूच विचारायचा विचार असेल त्याचा, पण सगळ्या खोलीने ऐकलं. "बाबा, एक विचारू? माइकवर सांगितलं ते खरं का? तूच दिलंस माझं नाव? का या लोकांनी तुझ्या नावावर खपवलं?"

 डोक्यात गणित चालू होतं, आणि गणितात मी कच्चा. नाही म्हणावं, तर बिचाऱ्याने या म्हाताऱ्यांच्या थट्टेपायी क्लब बुडवला असं होतं. हो म्हणावं, तर त्याला पुढे पळायला लावून क्लब मी बुडवला. आणि खरं काय ते सांगावं, तर त्याच्या बापाने त्याच्या शेवटच्या मॅचलाही त्याचं नाव घेतलं नव्हतं. सगळं टेबल बघत होतं. सिरिलच्या डोळ्यांत पाणी होतं, त्या मूर्खाच्या.

"मीच," मी म्हणालो. "या गाढवांना काय कळतंय फुटबॉलमधलं?"

"काय म्हणाला?" हॉरेसने विचारलं.

"म्हणाला, आपण गाढव," सिरिल म्हणाला.

"मग बरोबर आहे."

रसेलने माझ्याकडे बघितलं. मग हसला. हसता हसता त्याने टायने नाक पुसलं. "अरे, ड्रिस्कॉल होता आज. आंधळ्यालाही दिसलं असतं."

"मला तू दिसलास."

"तुला? तुला माझी फक्त झोप दिसते." तो खाली बघून बोलायला लागला. "ते हसत होते ना, तेव्हा मला त्यांचं काही वाटलं नाही. मला वाटलं, बाबाने एवढ्या लोकांसमोर माझं नाव घेतलं. हा माणूस मेला तरी असलं करायचा नाही. म्हटलं, आता याला खोटं पाडायचं नाही. एकदा तरी. म्हणून गेलो पुढे. मूर्खासारखा."

"गेलास ते चांगलं गेलास," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं. पण खोट्याच्या मागोमाग आलेलं खरं, त्याला काय किंमत? त्याला दोन्ही सारखंच गोड लागलं असणार. पस्तीस वर्षांच्या माझ्या मुलाचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, आणि माझ्याच्याने तो बघवत नव्हता. चोरीचा माल देऊन दाता म्हणवून घ्यावं, तसं वाटत होतं. दात्यांची रांग तर समोर उभी होती. सहा म्हातारे, ज्यांनी खरोखर हात वर केले होते. एकानेही तोंड उघडलं नाही.

फोटो काढला. रसेल मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला सिरिल. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, जरा हसा की, मुलगा मानकरी झालाय." मी हसलो.

खाली उतरल्यावर मिसेस हॅडफील्ड म्हणाल्या, मागच्या दाराने जा, पुढे लोक थांबलेत. रसेल म्हणाला, "सतरा वर्षं प्रत्येक मैदानातून पुढच्याच दाराने जातोय, बाई." बाटली त्याने माझ्या हातात दिली. त्याच्या एका हातात बुटांची पिशवी होती, दुसरा माझ्या खांद्यावर.

फाटकाशी पंचवीस-तीस लोक असतील. काही तर रडले होते. आम्ही बाहेर आलो तसे ते बाजूला झाले. मला वाटलं, रसेलवर तुटून पडतील. पण एकाने माझ्या हातातली बाटली बघितली. गळ्यात क्लबचा मफलर, चांगला संसारी माणूस दिसत होता. "हाच तो बाप," तो म्हणाला. मग अगदी माझ्या तोंडासमोर आला. "अहो आजोबा, एवढी माणसं बघत होती. याला निवडलंत तुम्ही? लाज नाही वाटली?"

मी तोंड उघडलं. मी निवडलं नव्हतं, हे त्याला सांगायला माझी जीभ वळवळत होती. खोटं नको सांगायला. बाजूला रसेल नसता तर मी सांगितलंही असतं.

रसेलने पिशवी खाली ठेवली आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "त्याला नाही बोलायचं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "काय बोलायचं ते मला बोला, बॉल मी घालवला. पण त्याला नाही. माझा बाप आहे तो. त्याला मी चांगला वाटलो."

 मफलरवाला बाजूला सरकला. कुणीतरी रसेलच्या पाठीवर थापही मारली.

मी त्याच्या मागे, बाटली धरून उभा होतो. रसेलने पिशवी उचलली, माझ्याकडे वळून म्हणाला, "चल बाबा, बस सापडेल अजून," आणि मी त्याच्याबरोबर चालायला लागलो.